पिवळ्या मुठींचं गिऱ्हाईक

१

लोखंडी कपाट करकरत उघडलं आणि मधला कप्पा रिकामा निघाला. वरच्या कप्प्यात वह्या, खालच्या कप्प्यात वह्या, आणि मधे पडलेल्या दातासारखी मोकळी जागा.

"हे कसं झालं?" शेठ ओरडले. "काल इथेच होत्या!"

मी शेठकडे बघितलं नाही. ओरडणाऱ्याकडे सगळेच बघतात, मी न ओरडणाऱ्यांकडे बघते. हिशेबनीस चष्मा पुसत होता. आणि ज्यांच्यासाठी मी आले होते त्या वहिनी दारातच उभ्या होत्या, कारण त्यांना अजून कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं.

माझं काम दुसऱ्यांचे हिशेब वाचण्याचं. बाजारात मला टाचणीबाई म्हणतात. पाठीमागेच म्हणतात, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

हा कारखाना रंगकामाच्या ब्रशांचा. दोन भाऊ आणि एक बहीण, अशा तिघांनी काढलेली छोटी कंपनी. थोरला भाऊ वारला आणि त्याचे शेअर त्याच्या बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे आले. धाकटा तो हा शेठ, सगळा कारभार त्याच्या हातात. त्याचे शेअर निम्म्याहून जरा कमीच, पण बहिणीचे मिळवले की पारडं त्याच्या बाजूला झुकायचं, आणि बहीण आजवर प्रत्येक सभेत त्याच्याच बाजूने हात वर करत आली होती.

थोरला गेल्यापासून वहिनींना कंपनीकडून एक दमडी मिळाली नव्हती. पडदे शिवून त्या घर चालवत होत्या. विचारायला गेलं की एकच उत्तर: "कंपनी तोट्यात आहे. का आहे ते विचारू नका, तुम्हालाच त्रास होईल." आता शेठने त्यांचे शेअर मातीमोल भावात मागितले होते. सभा दुसऱ्या दिवशी होती. सही केली नाही तर कंपनीला टाळं लावू आणि मग तेवढेही मिळणार नाहीत, असा निरोप होता.

भागधारक कितीही छोटा असो, योग्य कारण देऊन त्याने वह्या मागितल्या तर दाखवाव्या लागतात. कायदा सरळ आहे, माणसं नसतात. वहिनींच्या पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला 'कारण पुरेसं नाही' म्हणून आलं. तिसऱ्याला 'धंद्याचं गुपित' म्हणून आलं. शेवटी त्या कोर्टात गेल्या आणि एक दिवस मिळाला. शेठने त्या दिवशी कारखान्याला मुद्दाम सुट्टी दिली आणि अटी घातल्या. फक्त वह्या बघायच्या, नकला काढायच्या नाहीत, कामगारांशी बोलायचं नाही, दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.

"आता चोरीच झाली म्हटल्यावर कसली तपासणी?" शेठ म्हणाले. "मी तरी काय करणार?"

पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि कुठे ते मला ठाऊक आहे असंच मला वाटलं. दाखवायला नको म्हणून याने स्वतःच वह्या गडप केल्या, दुसरं काय! मी तोंड धुवायला म्हणून बाहेर गेले आणि परत येताना सवयीने दाराच्या काचेतून आत डोकावले.

वहिनी आणि हिशेबनीस बाहेर बाकावर जाऊन बसले होते, खोलीत शेठ एकटेच होते. गुडघ्यांवर बसून ते कपाटाखाली हात घालत होते. मग त्यांनी कचऱ्याची टोपली उलटी केली, जमिनीवर मुठी आपटल्या आणि स्वतःशीच म्हणाले, "नेमक्या त्याच! नेमक्या त्याच कशा गेल्या?"

मी बघतेय हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे हे नाटक नव्हतं.

२

मी शेठसमोर खुर्ची ओढून बसले.

"गेलेल्या वह्यांत काय होतं?"

"ते मी माझ्या तोंडाने कशाला सांगू? मेलेल्या भावाची बदनामी होईल."

"न सांगताही ती होतेच आहे. सांगून टाका."

त्यांना सांगायचंच होतं. बांध फुटल्यासारखे ते बोलायला लागले. या कारखान्यात ब्रशाच्या मुठीचा रंग गिऱ्हाइकाप्रमाणे ठरतो. लाल मूठ इथल्या दुकानांची, निळी सरकारी कंत्राटाची. पिवळी मूठ एका परदेशी कंपनीची, आणि तेच सर्वांत मोठं गिऱ्हाईक.

"त्या पिवळ्यावर त्यांचाच हक्क. दुसऱ्या कुणाला तो रंग लावायचा नाही असा करार होता, आणि मी तो कधी मोडला नाही," शेठ म्हणाले. "दादाने शेवटच्या वर्षी त्यांच्याकडून मोठी उचल घेतली आणि खाजगीत उडवली. माल गेला नाही, गिऱ्हाईक तुटलं. तेव्हापासून पिवळी मूठ या कारखान्यात बनली नाही. दादा गेल्यानंतर मी धावपळ करून जांभळ्या मुठींचं गिऱ्हाईक आणलं, म्हणून निदान पगार तरी निघतायत. वहिनींना म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्यांना उघडूनच बघायचीय!"

वहिनी पुन्हा दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. चेहरा पांढराफटक पडला, पण आवाज स्थिर होता.

"भाऊजी, हे इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीत?"

"तुम्हाला सोसलं नसतं."

"मग मी विचारणार काय होते? आणि कुणाला? काय विचारायचं हेच मला माहीत नव्हतं."

शेठने खिडकीकडे तोंड फिरवलं. मी वरच्या कप्प्यातल्या वह्या काढल्या. त्या थोरला गेल्यानंतरच्या होत्या, एकही गहाळ नव्हती. लाल, निळ्या आणि जांभळ्याची विक्री नीट मांडलेली, पिवळ्याची एक ओळ नाही, पिवळ्या रंगाची खरेदीही नाही, आणि प्रत्येक वर्षाच्या तळाशी तोटा. इतक्या स्वच्छ वह्या बघितल्या की मला खाज सुटते. पण खाज म्हणजे पुरावा नव्हे.

हिशेबनिसाला मी बाहेरच्या बाकावर गाठलं. चष्मा पुसून पुसून त्याने काच झिजवायची बाकी ठेवली होती.

"नेमकं काय गेलंय?"

"थोरल्या शेठच्या शेवटच्या वर्षाचं सगळं. किर्द, खतावणी, पावत्यांची फाईल. आणि... हजेरीपटही गेलाय. त्यालाही तसलाच हिरवा पुठ्ठा आहे ना, म्हणून गेला असेल."

"हजेरीपट कुणाला हवा असेल?"

"कुणालाच नाही," तो म्हणाला. मग घाईने पुढे म्हणाला, "किल्ल्या दोनच आहेत हं. एक माझ्याकडे असते. दुसरी शेठच्या घरी, स्वयंपाकघरातल्या खुंटीवर."

हे मी विचारलं नव्हतं. न विचारता मिळालेलं उत्तर मी नेहमी जपून ठेवते. शेठचं घर आवाराच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि तिथे जायची वाट रंगाच्या शेडमधून होती.

३

घरात दोन बायका होत्या. शेठाणी, आणि शेठची अविवाहित बहीण, जिला सगळे ताई म्हणत.

शेठाणीने मला बैठकीत बसवलं. व्हरांड्यात पट्ट्या मारलेली खोकी छतापर्यंत रचली होती.

"माझा आपला छोटासा निर्यातीचा धंदा आहे, लाकडी वस्तूंचा," ती म्हणाली. "बाईमाणसाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, नाही का?"

"राहावं की. वह्या कुणी नेल्या असतील?"

"मला काय माहीत! पण मी म्हणते, बरं झालं का? वाईटच झालं. जाऊबाईंना एकदा कळायला हवं होतं, त्यांचे यजमान कसे होते ते. नाकाने कांदे सोलत फिरायच्या अगदी. मी तर म्हटलं होतं, सभेत मोठ्याने वाचून दाखवा!"

डोळे चमकत होते तिचे. वाचन हुकल्याची हळहळ अगदी खरी होती.

ताई आतल्या खोलीत होत्या, खिडक्या बंद करून. रंगाच्या वासाने त्यांना दम लागायचा, शेडमध्ये त्यांनी कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं, त्या वह्यांत काय लिहिलंय?"

"धाकट्याने दाखवलं होतं. दादा गेल्यावर लगेच." त्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. "गेलेल्या माणसाला कशाला उकरायचं? वहिनीकडे त्याचं नाव तेवढं राहिलंय. ते तरी राहू दे तिच्याजवळ."

"म्हणून तुम्ही सभेत शेठच्या बाजूने हात वर करता?"

"धाकटा निस्तरतोय ना सगळं. त्याला आणखी त्रास कशाला?"

मी उठले. वह्या कुणी नेल्या हे मला तेव्हाच कळलं होतं. पण ते कळून वहिनींचं काय भलं होणार होतं? वह्या सापडल्या तर थोरला चोर ठरणार, नाही सापडल्या तर संशयित राहणार. दोन्हीकडून शेठचंच फावणार होतं. खरं सांगायचं तर माझा पारा चढला होता. आयुष्यभर वह्या वाचल्या आणि इथे वह्या हव्यात की नकोत हेच ठरत नव्हतं!

परतताना शेडमध्ये मला ठेच लागली. मुठी रंगात बुडवून जिथे निथळत टांगतात, त्या मांडणीखाली थेंब थेंब साचून वाळलेली एक लाल ढेप होती, मोठ्या भोपळ्याएवढी. तिच्या कडेचा एक गड्डा माझ्या ठेचेने निखळून पडला. रंगाचे डबे, टाक्या, सगळं आदल्या दिवशी धुऊनपुसून लख्ख केलेलं, आणि ही ढेप मात्र तशीच. खरवडायला वेळ कुणाला असतो!

शेठ मागून आले, त्यांच्या पाठोपाठ वहिनीही. "बाई, हात लावायचा नाही असं ठरलंय आपलं!"

"लागला तो पाय होता. हा गड्डा नेऊ का? घरी दार अडवायला ठेवीन."

शेठ हसले. सकाळपासून पहिल्यांदाच. "न्या हो. कचरा आहे तो."

"वहिनी, ऐकलंत ना?" मी म्हटलं. "शेठनी दिलाय."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही फाटकाबाहेर आलो. समोर एक कुलपं दुरुस्त करणारा बसला होता. त्याच्याकडून लोखंड कापायची करवत मागून घेतली आणि गड्डा मधोमध कापला. वहिनी म्हणाल्या, "बाई, तुम्हाला ऊन लागलंय का?"

मी दोन्ही अर्धुकं त्यांच्या हातात दिली. त्या बघतच राहिल्या, आणि मग मटकन पायरीवर बसल्या.

४

दुपारी सगळ्यांना मी ऑफिसात बोलावलं. ताई नाकाला रुमाल लावून, बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून आल्या.

"आधी चोरीचं बघू," मी म्हटलं. "वाटेल तो माणूस संशयित आहे, पण चोरी वाटेल तशी झालेली नाही. कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे किल्ली वापरली. फक्त एकाच वर्षाचं सगळं नेलं, आणि त्यात हजेरीपटही गेला. शेठना किंवा हिशेबनिसाला कुठली वही कुठली ते झोपेतही कळेल, ते हजेरीपट कशाला नेतील? म्हणजे नेणाऱ्याला वह्या ओळखू येत नव्हत्या, फक्त वर्ष ठाऊक होतं. हिरवे पुठ्ठे दिसले तेवढे उचलले."

शेठाणी ताठ बसली. "म्हणजे मी?"

"तुम्ही तर त्या सभेत वाचायला निघाला होतात. शेठनाही त्या दाखवायच्याच होत्या, उगाच नाही ते सकाळी कपाटाखाली हात घालत होते. मग वहिनींनी त्या वाचू नयेत असं कुणाला वाटत होतं? ज्याला थोरल्याची अब्रू झाकायची होती, त्याला."

ताईंनी रुमाल खाली घेतला.

"माझ्या अंथरुणाच्या पेटीत आहेत," त्या म्हणाल्या. "धाकट्या, रागावू नकोस. तिने ते वाचलेलं मला बघवलं नसतं."

शेठचा जीव भांड्यात पडला. आनंद लपवायचंही सुचलं नाही त्यांना. "ताई, वेडी का तू! आण, आण त्या वह्या. वहिनी, आता वाचाच तुम्ही, आणि सही करा."

"थांबा," मी म्हटलं, आणि गड्ड्याचं एक अर्धुक टेबलावर ठेवलं, कापलेली बाजू वर करून.

बाहेरून नुसतं लाल दिसत होतं. आत रंगांच्या पट्ट्या होत्या, एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या. तळाशी लाल, निळ्या आणि जाड पिवळ्या पट्ट्या. मधे पहिली जांभळी.

"मांडणीखाली थेंब पडतात ते एकावर एक. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. शेठ, जांभळं गिऱ्हाईक कधी आलं?"

शेठने अर्धुक उचलायला हात पुढे केला, तो मी अडवला.

"तुम्हीच सांगितलंत सकाळी. दादा गेल्यानंतर आलं. म्हणजे या पहिल्या जांभळ्या पट्टीच्या वर जे आहे, ते सगळं थोरला गेल्यानंतरचं. आता वरचं बघा."

ताई पुढे झुकल्या. जांभळ्यावर पिवळी. मग लाल, मग पुन्हा पिवळी, जांभळी, पिवळी, निळी, पिवळी. सर्वांत जाड पट्ट्या पिवळ्याच होत्या, अगदी वरच्या पातळ लाल सालीपर्यंत.

"पिवळी मूठ तर बनतच नव्हती ना?" ताईंनी हळूच विचारलं.

"थोडा जुना रंग पडला होता, तो संपवला," शेठ म्हणाले. "रंग काय, कुणाच्याही मुठीला लावता येतो."

"दुसऱ्या कुणाला तो लावायचा नाही असा करार आहे, आणि तो तुम्ही कधी मोडला नाहीत. हेही तुमचंच वाक्य. आणि संपवायला इतका रंग उरला होता? वह्यांत तर त्याची खरेदीच नाही. मग रंग आणला कुणी? पैसे दिले कुणी? आज आम्ही येणार म्हणून डबे धुतलेत, कामगारांना सुट्टी दिलीत, वह्या तर केव्हाच धुतल्या होत्यात. फक्त हा कचरा राहिला."

"माल तरी कुठे गेला असेल मग?" वहिनींनी विचारलं. बोलताना त्या शेठकडे नाही, हिशेबनिसाकडे बघत होत्या.

"ज्यांचा लाकडी वस्तूंचा छोटासा निर्यातीचा धंदा आहे, त्यांना विचारा," मी म्हटलं. "मूठ लाकडीच असते."

शेठाणी उभी राहिली. "काय वाट्टेल ते बोलतात या! अहो, तुम्ही गप्प काय बसलात?"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथे ते हिशेबनिसाच्या चेहऱ्यावर पडलं होतं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माल इथेच बनतो," तो म्हणाला. "मजुरी, लाकूड, ब्रशाचे केस, सगळा खर्च कंपनीच्या नावावर. बिल मात्र शेठाणींच्या फर्मचं. ते परदेशी गिऱ्हाईक कधी तुटलंच नाही."

"आणि दादाने घेतलेली उचल?" ताईंचा आवाज चिरकला.

"गिऱ्हाईक का गेलं, त्याला काहीतरी कारण लागणार होतं. थोरले शेठ वारल्यानंतर त्या वर्षाच्या वह्या मी नव्याने लिहिल्या. मला सांगितलं तसं लिहिलं."

५

शेठने आधी हिशेबनिसाला शिव्या घातल्या. मग ते बायकोवर घसरले. शेवटी खुर्ची वहिनींकडे सरकवून आवाज खाली आणला.

"वहिनी, घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू. भाव तुम्ही सांगाल तो. आत्ता चेक लिहितो."

मला वाटलं, त्या क्षणभर तरी विचार करतील. पडदे शिवून बोटांना घट्टे पडलेली बाई होती ती.

"विकायचंच नाहीये मला," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुम्ही जरा बाहेर बसा. जाऊबाई, तुम्हीही. हिशेबनिसांनी कुठे जायचं नाही."

शेठने ताईंकडे बघितलं. नेहमीच्या सवयीने बघितलं. ताई खाली मान घालून म्हणाल्या, "जा. उद्याच्या सभेत माझा हात तुझ्यासाठी वर होणार नाही."

ताई घरी जाऊन वह्या घेऊन आल्या. हिरव्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि वहिनींचे हात धरायला गेल्या.

"वहिनी, तुझ्या मनाला लागू नये म्हणून गं. माझा हेतू वाईट नव्हता."

वहिनींनी हात मागे घेतले.

"माहितीये, वन्सं. म्हणूनच जास्त लागतंय. परक्याने चोर म्हटलं असतं तर भांडले असते मी. तुम्ही सख्खी बहीण. तुम्ही त्यांना चोर मानलंत, आणि वर माझ्या नकळत माफही करून टाकलंत. मला एकदा विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं की ते असं करणार नाहीत. पण तुम्ही मला दया दाखवलीत. या दयेपायी मी इतकी वर्षं या दाराबाहेर उभी आहे."

ताई रडायला लागल्या. मी खिडकीबाहेर बघत बसले. हिशेब वाचणाऱ्या बाईने अशा वेळी दुसरं काय करायचं असतं?

"रडू नका," वहिनी म्हणाल्या. शेठच्या खुर्चीत त्या बसल्या आणि वरची वही ताईंपुढे सरकवली. "वाचा. पहिल्या पानापासून, मोठ्याने."

"मी? मला नाही गं जमायचं..."

"धाकट्याने दाखवलं तेव्हा जमलं होतं ना? वाचा. आणि वाचताना माझ्याकडे बघा."

ताईंनी चष्मा लावला. बोट ओळीवरून फिरवत त्यांनी वाचलं, "थोरल्या शेठना रोख. खाजगी खर्चासाठी."

"पुढचं," वहिनी म्हणाल्या.

"थोरल्या शेठना रोख. खाजगी खर्चासाठी."

"पुढचं."

तिसऱ्या ओळीवर ताईंचं बोट थांबलं. त्यांनी मान वर केली आणि वहिनींकडे बघितलं.

"खोटं आहे हे," त्या म्हणाल्या.

"हं," वहिनी म्हणाल्या. "आता पुढची ओळ."